मेंढकवाल्या बहनजींची आठ माणसं

जबलपूरजवळच्या खमरियाला, दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या इस्टेटमध्ये, वसुधाबाई पांढरीपांडे कुठे राहतात असं विचारलं, तर माणसं डोकं खाजवायची. 'मेंढकवाली बहनजी' म्हटलं की पानठेलेवालासुद्धा बरोबर क्वार्टर दाखवायचा. बाई मुलींच्या शाळेत जीवविज्ञान शिकवायच्या आणि दर पावसाळ्यात पदर खोचून, नाल्यावर जाऊन, स्वतःच्या हाताने बेडूक पकडायच्या, म्हणून हे नाव. सासर नागपूरकडचं, कडक सोवळ्याओवळ्याचं, आणि सून मेणाच्या ताटलीत बेडकाला टाचण्या टोचते. सासूबाई पहिल्यांदा राहायला आल्या तेव्हा तीन दिवस त्यांनी बाईंच्या हातचं पाणी घेतलं नाही. बाईंनीही तीन दिवस आग्रह केला नाही. चौथ्या दिवशी सासूबाईंनी आपणहून चहा मागितला.

शिकवायच्या मात्र काय बाई. शाळा हिंदी, घर मराठी, पण फळ्यासमोर उभ्या राहिल्या की कुठली भाषा चालू आहे याचं भान ना त्यांना असे ना मुलींना. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा धडा आला की आठवडाभर वर्गात नुसती धमाल. मासे, बेडकासारखे उभयचर, सरपटणारे, पक्षी आणि सस्तन, असे पाच गट पुस्तकात एका पानावर छापलेले होते. बाई ते पान उघडूच द्यायच्या नाहीत. बाजारातून आणलेला रोहू टेबलावर ठेवून म्हणायच्या, "कल्ले कुठे आहेत ते बोट लावून दाखव, मग श्वासाचं बोल." कबुतराचं हाड मोडून आतली पोकळी दाखवायच्या. सापाची कात मुलींच्या हातोहात फिरवायच्या, आणि एखादी किंचाळली तर तिलाच पुढे बोलावून ती परत घडी करायला लावायच्या.

आणि मग हृदयाचा तास. फळ्यावर चार आकृत्या, लाल खडू, निळा खडू. माशाच्या हृदयाला दोन कप्पे. बेडकाला तीन. सरड्यालाही तीनच, पण त्याच्या खालच्या कप्प्यात मधोमध एक पडदा उठायला लागलेला, पुरा न झालेला, त्यामुळे शुद्ध आणि अशुद्ध रक्ताची थोडी सरमिसळ व्हायचीच. पक्ष्याला आणि माणसाला मात्र चार कप्पे, मधला पडदा धड, लाल इकडे, निळं तिकडे, दोघांची गाठ नाही. "म्हणून आपलं रक्त गरम," बाई सांगायच्या. "म्हणून पौषात चिमणी उडते आणि पाल फटीत गप्प पडून राहते." हा तास त्या दरवर्षी घ्यायच्या, न अडखळता.

शरयूचं कळल्यानंतरही घेतला, हे मुद्दाम सांगायला हवं.

शरयू ही त्यांची एकुलती एक. छप्पन साली झाली. रडली की ओठ निळे पडायचे, चार पावलं धावली की उकिडवी बसून धापा टाकायची. अच्युतराव, म्हणजे बाईंचे यजमान, फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये होते. सरळ माणूस, देवावर भार टाकणारा. ते म्हणायचे, अशक्त आहे, वाढेल तशी सुधारेल. बाईंनी मात्र पोरीच्या छातीला कान लावून आतली घरघर ऐकली होती आणि मनातल्या मनात त्यांना कळून चुकलं होतं. त्रेसष्टला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं तेव्हा डॉक्टर कागदावर चित्र काढून समजावायला लागले. बाईंनी त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली, खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक भोक काढलं आणि विचारलं, "इथे ना?" डॉक्टर "हो" म्हणाले. घरी येताना गाडीत बाई इटारसीपर्यंत रडल्या आणि इटारसीनंतर रडायच्या थांबल्या.

शरयूचा वर्ग वरच्या मजल्यावर होता आणि तिला जिना चढवत नसे. म्हणून ती आईच्या अकरावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसायची, आपली पाटी घेऊन. सगळं ऐकायची. एका संध्याकाळी जेवताना म्हणाली, "आई, माझा पडदा पुरा नाही ना?"

"नाही."

"म्हणजे मी सरड्यांत येते."

अच्युतरावांचा घास हातात राहिला. बाई म्हणाल्या, "तुला केस आहेत. तू माझं दूध पिऊन वाढलीस. सरड्याला यातलं काही नसतं. तू सस्तनच."

"पण हृदय सरड्याचं."

जीवविज्ञानात खोटं बोलायचं नाही, अगदी पोटच्या पोरीशीही नाही, असा बाईंचा खाक्या. त्या म्हणाल्या, "हो, तेवढं सरड्याचं."

अच्युतराव संतापले. "काहून असं सांगून राहिली तू लेकराला?" पण लेकराला त्यात भारी गंमत वाटली. दुसऱ्या दिवसापासून शरयू हिवाळ्याच्या उन्हात ओट्यावर पालथी पडून राहायला लागली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागली की थंड रक्ताच्या प्राण्यांना ऊन खावं लागतं. क्वार्टरांच्या सगळ्या लाइनची तिने विभागणी करून टाकली. समोरच्या जयाकाकू पक्षी, कारण सदा चिवचिव. पोस्टमन बेडूक, कारण पावसातही येतो आणि कोरड्यातही. आणि एकदा बाईंनी सांगितलं की सरपटणाऱ्यांमध्ये एकट्या मगरीचं हृदय चार कप्प्यांचं असतं, तर ही पोर दिवसभर हसत होती. "ऑपरेशन झालं की मी मगर होणार," असं तिने बापाला सांगितलं. नर्मदामाईचं वाहन मगर, तेव्हा अच्युतरावांना ते पटलं. ग्वारीघाटावर जाऊन त्यांनी ओटीसुद्धा कबूल केली.

आता ऑपरेशनचं. त्या काळी हृदय उघडायचं म्हणजे रक्त एका यंत्रातून फिरवावं लागे, आणि ते यंत्र भरायला ताजं रक्त लागे, त्याच दिवशी काढलेलं. हॉस्पिटलने सांगितलं, मुलीच्या गटाची आठ माणसं बरोबर आणा. शरयूचा गट बी निगेटिव्ह. शंभरात दोघांचा असला तर असतो. आई-बापाचं जुळलं नाही, आत्या-मामांपैकी कोणाचं जुळलं नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी हात वर केले, म्हणाले, "आठ माणसं मिळाली की पत्र टाका." त्यांना वाटलं असेल, बाई गेली ती गेली.

बाईंनी काय केलं? संक्रांतीचं हळदीकुंकू केलं.

चौसष्ट सालची गोष्ट. खमरियातल्या मराठी बायका एकमेकींकडे जाऊन वाण लुटायच्या, कुणाकडे चमचा, कुणाकडे कुंकवाची डबी. बाईंनी सगळ्यांना बोलावलं, बंगाली आणि पंजाबी शेजारणींनाही बोलावलं, आणि स्वयंपाकघरात सरकारी दवाखान्यातला विष्णू कंपाउंडर रक्तगट तपासायची पांढरी फरशी आणि औषधाच्या तीन कुप्या घेऊन बसवला. हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "यंदा वाण मी देणार नाही, मागणार आहे. बोटाचा एक थेंब द्या."

सुवासिनींच्या समारंभात सुई. जयाकाकूंनी तर कानावर हात ठेवले. "वसुधाताई, हे काय अभद्र," त्या म्हणाल्या. एक म्हातारी उठून निघूनच गेली. मग शरयू आतून आली, ओठ निळे, परकर-पोलका घातलेला, आणि तिने तिळगुळाची ताटली धरली. जयाकाकूंनी पहिलं बोट पुढे केलं. त्या दिवशी बावन्न थेंब मिळाले आणि त्यांत बी निगेटिव्ह एक निघाला, पलीकडच्या लाइनमधल्या विनताचा. विनता बालवाडीत शिकवायची, एवढीशी बारीक, मुंगीएवढं खाणारी. पण म्हणाली, "येईन मी मुंबईला, बाई."

तिथून पुढे नऊ महिने बाईंनी जिवाचं रान केलं. बायकांनंतर त्यांचे नवरे. शाळा सुटली की विष्णूला घेऊन कधी रांझीच्या, कधी घमापुरच्या वस्तीत. पुरुष तर बायकांहून भित्रे. रक्त दिलं की माणूस कायमचा झिजतो, अंगातला जोर जातो, असं धडधाकट गडी सांगायचे. बाई त्यांच्या अंगणात खाटेवर बसून शाळेतल्यासारखं समजावायच्या. "अहो, रक्त म्हणजे काय टाकीतलं पाणी आहे का? हाडांच्या आत रोज नवीन तयार होतं. एक बाटली दिली तर शरीर आपलं आपण भरून काढतं, तुम्हाला पत्ताही लागत नाही." हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा म्हटलं असेल. चारशे बारा माणसांचे थेंब त्या फरशीवर पडले. त्यातून आठ मिळाली.

विनता एक. खरादवर, म्हणजे लेथवर, काम करणारा पुंडलिक दुसरा. अमरावतीकडचा, बोलायला फटकळ, पण शरयू त्याला 'कासव' म्हणायची तर खाली बसून तिला पाठीवर घ्यायचा. तिसरे सरदार बलबीर सिंग, फॅक्टरीची बस चालवायचे. बाकीची पाच वेगवेगळ्या सेक्शनमधली, वेगवेगळ्या मुलखातली. दिवाळीला बाई आठही घरी फराळाचा डबा पाठवायच्या. कोणाला ताप आला तर बाई काढा उकळायला ठेवायच्या. अच्युतराव चेष्टेने म्हणायचे, "नवऱ्याला खोकला झाला तर पाहत नाही, अन् त्या बलबीरसाठी काढा करून राहिली." पण तेच स्वतः तो काढा पोचवायला जायचे.

पासष्टच्या जूनमध्ये पत्र आलं. वीस ऑक्टोबर ही तारीख. सोबत सूचनांचा एक कागद, इंग्रजीत टाइप केलेला. शेवटून दुसरी ओळ अशी होती की रक्त देणाऱ्याने आधीच्या तीन महिन्यांत कुठेही रक्त दिलेलं नसावं. बाईंनी वाचली आणि कागद घडी करून ठेवला. आठांपैकी कोणी जन्मात रक्त दिलेलं नव्हतं, मग काळजी कशाची.

आणि सप्टेंबरात लढाई पेटली.

फॅक्टरीचा भोंगा दिवसातून कितीदा वाजतो ते मोजायचं लोकांनी सोडून दिलं. बारा-बारा तासांच्या पाळ्या, सगळ्या रजा बंद. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले. अच्युतराव घरी यायचे ते बूट काढता काढता झोपायचे. पण कुरकूर कोणाची नाही हो. खमरियातला प्रत्येक माणूस छाती काढून चालत होता, कारण रेडिओवर जी लढाई ऐकू येत होती तिचा माल इथून जात होता. बाईंनी अन् त्यांच्या शाळेतल्या मुलींनी जवानांसाठी मोजे विणले, पुड्या बांधल्या. शरयूने आपले संक्रांतीचे हलव्याचे दागिने एका पुडीत घातले आणि बाईंनी ते राहू दिले.

बारा तारखेला, रविवारी, शाळेच्या हॉलमध्ये जवानांसाठी रक्तदानाचं शिबिर ठेवलं. जीवविज्ञानाच्या बाई म्हणून नावं लिहायला वसुधाबाईंना बसवलं. टेबल, रजिस्टर, दौत. सकाळपासून रांग. आणि दहाच्या सुमारास लष्कराचे डॉक्टर कर्ण्यावर बोलले, की निगेटिव्ह गटाचं रक्त फार थोड्यांचं असतं आणि त्याची फार गरज आहे, असं कोणी असेल तर रांग सोडून पुढे यावं.

गट माहीत असतो कोणाला? त्या काळात त्या वस्तीत आपला गट कोणालाच माहीत नव्हता. माहीत होता तो फक्त बाईंनी ज्यांची बोटं टोचली होती त्यांना.

पहिली विनता आली. नवी साडी नेसून आली होती. "बी निगेटिव्ह," ती अभिमानाने म्हणाली, आणि रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी नाव लिहिलं. त्यांना चांगलंच वाटलं, खोटं काहून बोला. दुसरे बलबीर सिंग आले. "बहनजी, आपने ही तो सिखाया," ते मोठ्याने म्हणाले, "खून तो फिर बन जाता है." बाई हसल्या आणि लिहिलं. तिसरं नाव लिहिताना त्यांना कागदावरची शेवटून दुसरी ओळ आठवली.

बारा सप्टेंबर. वीस ऑक्टोबर.

टाक तिथेच थांबला. शाईचा एक मोठा डाग रजिस्टरवर पडला. विनता अजून पडद्याआड खाटेवर गेली नव्हती, बाकावर आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. बलबीर सिंगांनी नुसती बाही वर सारली होती. एकालाही अजून सुई लागलेली नव्हती. बाईंनी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, बाजूला बसलेल्या शिक्षिकेने ते पाहिलं आणि विचारलं, "काय झालं?"

काय सांगायचं होतं? एवढंच, की तुम्ही आठजण घरी जा, तुमचं रक्त माझ्या पोरीसाठी ठेवलंय. आणि ते सांगायचं त्या हॉलमध्ये, जिथे समोरच्या बाकावर घमापुरच्या शाळेतल्या सुनेत्राताई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा लाहोरच्या बाजूला होता आणि अकरा दिवस त्याचं पत्र नव्हतं. साठीच्या बाई, रक्त घेता येणार नाही म्हणून डॉक्टरांनी परत पाठवलेल्या, तरी हलल्या नव्हत्या. बाईंची आणि त्यांची नजरानजर झाली. बाईंनी तोंड मिटलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. आणि तिसरं नाव पुरं केलं.

मग चौथं. पाचवं. प्रत्येक नावाला त्यांना वाटत होतं, आता म्हणावं. प्रत्येक नावाला वाटत होतं, आता तिघं गेले, आता चौघं गेले, आता म्हणून काय उपयोग. सहावं, सातवं. शेवटी पुंडलिक आला, पाळी संपवून सरळ, हाताला तेल. तो म्हणाला, "बाई, ऑक्टोबरपर्यंत भरून निघन ना? तुम्ही म्हणत होत्या, पत्ताबी लागत नाही."

जीवविज्ञानात कधी खोटं न बोललेल्या बाई म्हणाल्या, "निघेल." आणि आठवं नाव लिहिलं.

घरी आल्या तेव्हा अच्युतराव नुकतेच उठले होते. बाईंनी त्यांना कागद दाखवला. त्यांनी ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "मुंबईला सांगायचंच नाही. कोण पाहायला येते?" बाई म्हणाल्या, "अहो, ते यंत्र तिच्या अंगात तेच रक्त घालणार. हलकं पडलं तर ती टेबलावरच जाईल." अच्युतरावांनी कागद घडी करून परत दिला. मग त्यांनी विचारलं, "तू तिथे काहून नाही बोलली?" रागावून नव्हे, अगदी हळू विचारलं. बाईंनी दौत पुढे ओढली. त्यांनी त्याच दिवशी मुंबईला खरं ते लिहिलं.

लढाई तेवीस तारखेला थांबली. सुनेत्राताईंचा मुलगा हात गमावून का होईना, पण परत आला. मुंबईचं उत्तर आलं: पाच जानेवारी. आठांना बाईंनी एवढंच सांगितलं, की लढाईमुळे तारीख पुढे गेली. सगळ्यांनी मान हलवली. लढाईमुळे सगळंच पुढे गेलं होतं, लग्नंसुद्धा. कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. बाईंनी दुसरी माणसं शोधायचाही प्रयत्न केला, पण विष्णूच्या दवाखान्यातल्या औषधाच्या कुप्या लष्कराकडे गेल्या होत्या, आणि नुसत्या बोटावरच्या थेंबाकडे पाहून गट काही कळत नाही.

त्या वर्षी जबलपूरला थंडी लवकर आली. शरयू ओट्यावर पडून ऊन खायची, पण आता बोलायची कमी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला सर्दी झाली, ती छातीत उतरली. पुंडलिक रोज पाळीला जाताना डोकावून जायचा आणि विचारायचा, "काय म्हणते मगर?" चौदा तारखेला दुपारी, जेवणं झाल्यावर, शरयू आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, माझे हात गार झाले बघ. मी म्हटलं नव्हतं?" बाईंनी तिचे हात आपल्या पोटाशी धरले. त्यांचं स्वतःचं अंग गरमच होतं, नेहमीसारखं. पोरीचे हात काही गरम झाले नाहीत. चारच्या भोंग्याला ती गेली होती.

आठही माणसं आली. ग्वारीघाटापर्यंत आली. एवढ्याशा पोरीला किती खांदेकरी लागतात? अच्युतरावांनी तिला हातावरच नेली. बाकीचे नुसते मागून चालले. बलबीर सिंग लहान मुलासारखे रडत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बीस दिन और रुक जाती, बिटिया." ते वाक्य जयाकाकूंनी बाईंना येऊन सांगितलं, काही वाईट हेतूने नाही. बाईंनी भिंतीवर डोकं आपटलं, एकदाच, आणि मग उठून चूल पेटवली, कारण घाटावरून येणाऱ्यांना आंघोळीला गरम पाणी लागणार होतं.

जानेवारीत शाळा सुरू झाली. बाई गेल्या. पाच गटांचा धडा त्यांनी पुढच्याही वर्षी घेतला, त्याच्या पुढच्याही. रोहू आणला, कात आणली, हृदयाच्या आकृत्या काढल्या. फक्त सस्तन प्राण्यांपाशी आल्या की खडू एखाद्या मुलीच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, तू लिही. लक्षणं सगळ्यांना पाठ असायची. अंगावर केस, गरम रक्त, आई पिलाला दूध पाजते आणि त्याचं रक्षण करते. मुलगी फळ्यावर लिहायची आणि बाई खिडकीतून बाहेर पाहत उभ्या राहायच्या. एका वर्षी एकीने शेवटचे चार शब्द लिहायचे सोडले. बाईंनी तिला परत बोलावून ते लिहायला लावले.

घरात अच्युतरावांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. फार भला माणूस. पण भल्या माणसाचं गप्प बसणंही सोपं नसतं सोसायला. बाईंना कधीकधी वाटायचं, यांनी एकदा भांडून घ्यावं. त्यांनी घेतलं नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात पुन्हा लढाई. पुन्हा भोंगे, काळे कागद, पुन्हा शाळेच्या हॉलमध्ये शिबिर. मुख्याध्यापिकेने विचारलं, "बसाल ना टेबलावर?" शेजारच्या शिक्षिकेला वाटलं, या नाही म्हणतील. बाई बसल्या. या वेळी त्यांनी रजिस्टरमध्ये पट्टीने एक जादा रकाना आखला आणि येणाऱ्या प्रत्येकाला एक जादा प्रश्न विचारायला लागल्या, जो विचारायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. "तुमच्या घरात येत्या तीन महिन्यांत कोणाला रक्त लागणार आहे का? बाळंतपण, ऑपरेशन, काहीही?" दोघांनी हो म्हटलं. बाईंनी त्यांना परत पाठवलं. डॉक्टर, तरुण होते, रागावून उठून आले. "मॅडम, आप डोनर क्यों लौटा रही हैं?" बाई म्हणाल्या, "ज्यांच्या घरी गरज आहे त्यांना लौटाते आहे. बाकीची रांग तुमचीच आहे." डॉक्टरांनी पाहिलं, बाई काही हलणाऱ्या नाहीत. गेले परत.

अकराच्या सुमारास पुंडलिक टेबलापाशी आला. कानशिलाजवळचे केस पांढरे झालेले.

"घरात कोणाला लागणार आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही, बाई. पण तीन महिने काहून?"

बाईंनी उत्तर द्यायच्या आत खाटेकडून डॉक्टर म्हणाले, "एक बार देने के बाद तीन महीने तक कोई अस्पताल आपका खून नहीं लेता, भैया. नियम है."

"आत्ता निघाला हा नियम?"

"नहीं नहीं, बहुत पुराना है."

पुंडलिकने बाही वर सारली होती, ती तशीच धरून तो उभा राहिला. कारखान्याचा माणूस, हिशोबाला पक्का. सप्टेंबर, ऑक्टोबर, असं तो बोटांवर मोजताना बाईंना दिसलं. त्याने बोटं मिटली. मागच्या माणसाने त्याला पुढे सरकायला सांगितलं, तो सरकला नाही.

"बाई," तो अगदी हळू म्हणाला, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

सहा वर्षं बाईंनी हे आठांपासून लपवून ठेवलं होतं. त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून सगळं लढाईच्या माथी मारलं होतं. आताही तेच म्हणता आलं असतं.

"होतं," त्या म्हणाल्या.

"मी शेवटला होतो. मला नुसतं 'घरी जा' म्हटलं असतं तर मी गेलो असतो. काहून जा, हे बी विचारलं नसतं. आम्ही आठबी गेलो असतो."

"माहीत आहे, पुंडलिक."

पुंडलिकच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही. बाईंनी रजिस्टर पुढे ओढलं आणि त्याचं नाव, वय, गट लिहिला. शेवटच्या रकान्यात 'घरी गरज नाही' असं लिहिलं आणि पुढच्या माणसाला विचारलं, "तुमच्या घरात कोणी आहे का?"